एका दिवसात चूक सापडत नाही : उन्हाळी विज्ञान वर्ग बंद करणाऱ्या विद्यापीठाला खुलं पत्र

माननीय कुलगुरू महोदय आणि विद्या परिषदेच्या सन्माननीय सदस्यांनो,

सप्रेम नमस्कार.

आपलं परिपत्रक शाळेत आलं तेव्हा मी नववीच्या वर्गावर होते. शिपायाने वही पुढे केली, मी सही केली आणि तास संपल्यावर परिपत्रक नीट वाचलं. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी दर उन्हाळ्यात होणारा दोन आठवड्यांचा विज्ञान वर्ग यंदापासून बंद. त्याऐवजी एका दिवसाचा विज्ञान महोत्सव, आणि ज्यांना त्यापुढे काही शिकायचं असेल त्यांच्यासाठी व्हिडिओंचा संच. कारणं दोन दिली आहेत. एक, ‘अधिकाधिक विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचणे’. दुसरं, ‘वर्गाला मिळणारा घटता प्रतिसाद’.

मी आधी रीतसर पत्र पाठवलं होतं. त्याची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. दुसऱ्या पत्राची पोचही मिळाली नाही. म्हणून हे तिसरं उघड लिहिते आहे. विद्यापीठाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. आपल्याला स्वतःची ओळख पटेलच, आणि थोड्याफार फरकाने हाच निर्णय घेऊन बसलेल्या इतर विद्यापीठांनाही हे पत्र आपल्यालाच आलं आहे असं समजता येईल.

माझा या वर्गाशी काय संबंध, ते आधी सांगते. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि गेली अनेक वर्षं मुलांना या वर्गाला घेऊन येते. पण त्याच्या कितीतरी आधी, नववी संपल्यानंतरच्या सुट्टीत, मी स्वतः याच वर्गात बसले होते.

तिसऱ्या दिवशी आम्हाला लंबक दिला. लोखंडी गोळी, दोरा, स्टँड, मीटरपट्टी, स्टॉपवॉच. गुरुत्वत्वरण, म्हणजे पृथ्वीच्या ओढीने पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते काढा, एवढंच सांगितलं. पुस्तकातला आकडा मला पाठ होता : ९.८. मी एक मीटर लांबीच्या लंबकाची वीस आंदोलनं मोजली. वेळ लागला ३८.१ सेकंद. गणित केलं, उत्तर आलं १०.९.

शाळेत असं झालं तर काय करायचं हे मला चांगलं ठाऊक होतं. जर्नलमध्ये वेळ ४०.१ लिहायचा, म्हणजे उत्तर गुमान ९.८ वर येतं, आणि सही घ्यायची. (उत्तरापासून मागे येत निरीक्षणं भरायची कला आपल्याला कधीच अवगत नव्हती, असं परिषदेच्या किती सदस्यांना छातीवर हात ठेवून सांगता येईल?) मी खोडरबर हातात घेतलाच होता. तेवढ्यात आमच्या टेबलावरच्या संशोधक ताईने वही पाहिली आणि म्हणाली, “१०.९ आलं ना? मग तेच लिही. आता ते का आलं ते शोध.” आणि ती पुढच्या टेबलाकडे गेली.

पुढचे अडीच दिवस मी तेच केलं. लांबी गोळीच्या मध्यापर्यंत धरली आहे का ते पाहिलं. वारा येतो म्हणून खिडकी लावली. झोका लहान केला. दुसरं स्टॉपवॉच मागून आणलं. मैत्रिणीला मोजायला बसवलं, तर तिचंही १०.९. आम्ही दोघी एकाच पद्धतीने मोजत होतो हे तेव्हा कुठे कळत होतं! दोरा अर्धा केला, तरी १०.९. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रयोगशाळेतले मामा कपाटांना कुलपं लावता लावता म्हणाले, “वीसच का मोजतेस गं? चाळीस मोजून बघ की.” चाळीस मोजली. १०.३.

त्या रात्री झोप लागेना. मी किती वेळा मोजते ते बघून पृथ्वी काही आपली ओढ बदलत नाही. म्हणजे चूक मोजण्यातच होती, आणि जास्त मोजलं की पातळ होणारी होती. सकाळी दात घासताना लक्षात आलं. गोळी सोडताना मी ‘एक’ म्हणत होते. ‘वीस’ म्हणेपर्यंत आंदोलनं एकोणीसच पुरी झालेली असायची. सोडताना ‘शून्य’ म्हणायला हवं होतं.

महोत्सवातही मी १०.९ पर्यंत पोहोचले असते. मागे रांग लागलेली असती, आणि कुणीतरी प्रेमाने सांगितलं असतं, “बाळ, शून्यापासून मोजायचं असतं.” मी मान डोलावून पुढच्या स्टॉलवर गेले असते आणि संध्याकाळपर्यंत विसरले असते. ती एक चूक माझी मला सापडायला अडीच दिवस, एक न बोलणारी ताई आणि एक बोलणारे मामा लागले. मी आज विज्ञान शिकवते याचं कारण विचारलं तर मी दुसरं काही सांगू शकत नाही.

आता तक्रारी. क्रमाने सांगते, पण सगळ्यांचं वजन सारखं नाही.

पहिली, संख्येची. चाळीस मुलांऐवजी चार हजार मुलं हा हिशेब कागदावर कुणालाही पटेल. अहवालात लाभार्थींचा रकाना भरतो, छायाचित्रंही छान येतात. उणे १९६ अंशांना उकळणारा द्रव नायट्रोजन, त्यात बुडवून काचेसारखं फोडलेलं गुलाबाचं फूल, स्थिर विजेच्या व्हॅन डी ग्राफ जनित्राला हात लावून केस उभे राहिलेली मुलगी. सहाव्या रांगेतून हे सगळं बघणाऱ्या मुलाला मजा येते, आणि ती यावीच. मी त्याच्या विरोधात नाही. एकूण मूल-तास मोजले तर महोत्सव बहुधा जिंकेल, हेही मान्य करते.

पण त्या मुलाच्या हातात काय आलं? फूल फुटतं हे त्याने पाहिलं. फूल का फुटतं, रबराची नळी तशीच फुटते का, धातूचं नाणं का फुटत नाही, हे विचारायला त्याला वेळ मिळाला नाही, आणि विचारलं असतं तरी करून बघायला मिळालं नसतं. जादूगाराचा प्रयोग पाहिलेलं मूलही असंच डोळे विस्फारून घरी जातं. या दोन अनुभवांत फरक काय, हे त्या मुलाला सांगता आलं नाही तर विद्यापीठाने त्या दिवशी नेमकं काय केलं?

जाहीर विज्ञान-प्रयोगांची परंपरा मोठी आहे हे मला माहीत आहे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नाताळची व्याख्यानं १८२५ साली सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धातली चार वर्षं सोडली तर आजवर चालू आहेत. मायकेल फॅरडेने स्वतः एकोणीस वेळा ती दिली. पण तिथेही एका दिवसात आवर्तसारणीपासून कृष्णविवरापर्यंत उरकत नव्हते. एका मेणबत्तीवर त्याने सहा व्याख्यानं दिली. सहा! वात, मेण, ज्योतीचा काळा भाग, धूर, पाणी, हवा. आपल्या महोत्सवाच्या पत्रिकेत एका दिवसात सत्तावीस दालनं आहेत.

दुसरी तक्रार सगळ्यांत मोठी आहे, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळते. ‘घटता प्रतिसाद’.

प्रतिसाद आपोआप घटलेला नाही. मी दर वर्षी अर्ज भरून घेणारी बाई आहे, मला पायऱ्या माहीत आहेत. आधी गुणांची अट आली : नव्वद टक्के. मग मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र आलं, आणि कोणताही मुख्याध्यापक ते पहिल्या तीन नंबरांपलीकडे देत नाही. मग शुल्क आलं. मग अर्ज फक्त ऑनलाइन झाले, चार दिवसांच्या मुदतीत, आणि ते चार दिवस नेमके वार्षिक परीक्षेत. या चारही चाळण्यांतून जी मुलं पार होतात त्यांच्याकडे सुट्टीत करायला आधीच चार गोष्टी असतात. त्यांच्यातली निम्मी पहिल्या आठवड्यानंतर क्लासला निघून जातात. दार अरुंद करत न्यायचं आणि मग आत कुणी येत नाही म्हणून घर बंद करायचं, याला प्रतिसाद घटणं म्हणत नाहीत.

गुणांची अट नव्हती त्या वर्षांतली एक मुलगी सांगते. वर्गात कधी तोंड न उघडणारी, विज्ञानात कशीबशी पास. तिला मी घेऊन आले ते जागा रिकामी होती म्हणून, खोटं कशाला बोलू. पाण्याचा उत्कलनबिंदू मोजायचा साधा प्रयोग होता. सगळ्यांनी १०० लिहिलं. हिने ९८ लिहिलं आणि विचारलं, “तापमापी बरोबर आहे हे कशावरून?” शिकवणारे प्राध्यापक थांबले. त्यांनी तिला बर्फ आणून दिला. वितळत्या बर्फात तापमापी बरोबर शून्य दाखवत होती. म्हणजे खालचं टोक तरी ठीक होतं. मग वरचं का चुकतं? त्यांनी तिला हवेचा दाब मोजायचं यंत्र कुठे आहे ते दाखवलं, आणखी काही सांगितलं नाही. दोन दिवसांनी तिने सगळ्यांसमोर सांगितलं की तापमापी चुकत नाही, पाणीच इथे ९८ ला उकळतं, कारण आपण समुद्रसपाटीपासून उंचावर आहोत, दाब कमी आहे, आणि साधारण दर तीनशे मीटरला एक अंश असा फरक पडतो. बाकीच्या एकोणचाळीस जणांनी १०० लिहिलं होतं, पुस्तकात बघून. त्यांत माझे नव्वदवालेही होते.

नव्वद टक्क्यांची अट असती तर ती मुलगी त्या खोलीत नसती, आणि बर्फही कुणी आणला नसता.

ज्या फॅरडेच्या नावाने आपण सगळे विज्ञानप्रसाराची भाषणं सुरू करतो, तो पुस्तकबांधणीच्या दुकानात काम शिकणारा उमेदवार होता. १८१२ साली दुकानात येणाऱ्या एका गिऱ्हाइकाने त्याला रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. त्याने टिपणं काढली, स्वतःच बांधली, डेव्हीला पाठवली, आणि पुढच्या वर्षी तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सहायक म्हणून लागला. कुणी गुणपत्रिका मागितली असती तर? शिफारसपत्र आणायला सांगितलं असतं तर?

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण त्यात विद्यापीठ शाळेकडे गेलं आहे. टांझानियातला एरास्टो म्पेम्बा हा शाळकरी मुलगा. १९६३ साली आइस्क्रीम करताना त्याला दिसलं की गरम मिश्रण गार मिश्रणाच्या आधी गोठलं. शिक्षकांनी त्याला वेड्यात काढलं. पुढे दार-एस-सलामच्या विद्यापीठ महाविद्यालयातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक डेनिस ऑस्बोर्न त्याच्या शाळेत व्याख्यान द्यायला आले, तेव्हा त्याने भर सभेत तोच प्रश्न विचारला. मुलं हसली. ऑस्बोर्न परत गेले आणि त्यांनी प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला प्रयोग करून बघायला सांगितलं. गरम पाणीच आधी गोठलं. तो तंत्रज्ञ म्हणे उत्साहाच्या भरात म्हणाला की योग्य उत्तर मिळेपर्यंत आपण प्रयोग करत राहू! १९६९ साली म्पेम्बा आणि ऑस्बोर्न या दोघांच्या नावाने निबंध प्रसिद्ध झाला. तो परिणाम नेमका केव्हा दिसतो, मुळात दिसतो का, यावर आजही वाद चालू आहे. असू दे. एका प्राध्यापकाने एका मुलाचा हास्यास्पद प्रश्न खिशात घालून प्रयोगशाळेपर्यंत नेला, हे मला महत्त्वाचं वाटतं. महोत्सवाच्या गर्दीत हे कसं होणार?

मुलांना विज्ञान आवडत नाही म्हणून त्यांना चकित करायला हवं, असं महोत्सव भरवणाऱ्यांचं गृहीत असतं. इंग्लंडमध्ये २००९ पासून शिक्षण-संशोधक लुईस आर्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा वर्षांच्या मुलांपासून सुरुवात करून त्याच पिढीचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. बहुतेक मुलांना विज्ञान आवडतं, असंच त्यांना आढळलं. पण शास्त्रज्ञ व्हावंसं वाटणारी मुलं फार थोडी निघाली. ‘हे छान आहे, पण हे आपल्यासारख्यांचं काम नव्हे’, हा तिढा आहे. तो आणखी एका फटाक्याने सुटत नाही. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत स्वतःच्या नावाचं टेबल आठवडाभर असलं, तिथल्या मामांना आपलं नाव माहीत असलं, की थोडा सुटतो. हे मी माझ्या मुलांवरून सांगते आहे.

शुल्काबद्दल तीनच वाक्यं. अमेरिकेत १९८४ साली सुरू झालेली आणि आता एमआयटीत भरणारी रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट शाळकरी मुलांना सहा आठवडे संशोधनाला बसवते आणि त्याचे पैसे घेत नाही. तिथली निवड अतिशय कठोर असते आणि ती पद्धत आपण उचलू नये असंच मी म्हणेन. पण निवड झालेल्या मुलाच्या बापाची ऐपत तिथे विचारत नाहीत, एवढं तरी उचलता येईल.

तिसरी तक्रार आम्हा शिक्षकांची. इतक्या वर्षांत एकदाही मला आत बसू दिलेलं नाही. ‘मॅडम, आपण बाहेर थांबा, मुलं मोकळेपणी बोलत नाहीत.’ मी व्हरांड्यात वह्या तपासत बसते. मुलं बाहेर येऊन जे सांगतात ते ऐकून मी शाळेत तसं काही करायचा प्रयत्न करते, म्हणजे ऐकीव माहितीवर स्वयंपाक. आपण चाळीस मुलांना शिकवता. माझ्या हाताखालून दर वर्षी दोनशे जातात. पोहोचण्याच्याच गोष्टी करायच्या तर मला आत घेणं हा सगळ्यांत स्वस्त मार्ग नव्हता का? मध्य प्रदेशातल्या होशंगाबादमध्ये १९७२ साली सोळा उच्च प्राथमिक शाळांत जो विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला, त्यात दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक खेड्यातल्या शिक्षकांच्या शेजारी बसून तेच प्रयोग करत होते. तो कार्यक्रम तीस वर्षं चालला. २००२ मध्ये तो बंद करण्यात आला, हेही सांगायला हवं. चांगली कामं बंद करण्याची आपल्याकडे सवयच आहे.

चौथी तक्रार माझी नाही, पण ज्यांची आहे ते बोलणार नाहीत. या वर्गाचा सगळा भार संशोधक विद्यार्थी उचलतात. सकाळी मुलांचे प्रयोग, रात्री स्वतःचे. त्यांच्या प्रगती-अहवालात या दोन आठवड्यांसाठी रकाना नाही. मार्गदर्शक विचारतात, “या पंधरा दिवसांत काय केलंत?” आणि ‘मुलांना शिकवलं’ हे उत्तर तिथे चालत नाही. प्राध्यापकांच्या बढतीतही तेच. संशोधनाला पैसे देणारी अमेरिकेतली नॅशनल सायन्स फाउंडेशन १९९७ पासून प्रत्येक संशोधन-प्रस्तावात समाजाला त्याचा काय उपयोग, हा निकष लावते, आणि शाळांसाठी केलेलं काम त्यात मोजलं जातं. आपल्याकडे असलं काम करणारा माणूस हौशी ठरतो. हौस संपली की वर्ग संपतो. यंदा ती संपली असेल तर तो दोष त्यांचा नाही.

सुरक्षेचा मुद्दा आपल्या कार्यालयातून मला तोंडी सांगण्यात आला, परिपत्रकात तो नाही. तो खरा आहे. प्रयोगशाळेत लहान मूल असणं ही जबाबदारी आहे, आणि कुणाला इजा झाली तर उत्तर द्यावं लागतं. पण लंबकाला, तापमापीला, सूक्ष्मदर्शकाला, प्रिझमला, कांद्याच्या मुळाच्या टोकाला आम्लाच्या बाटल्या लागत नाहीत, आणि जिथे काही थेंब लागतात तिथे चष्मा, हातमोजे आणि शेजारी एक मोठं माणूस पुरतं. शाळेत आम्ही हेच करतो, तुमच्याहून कमी साधनांत.

व्हिडिओंबद्दल फार बोलत नाही. ते चांगले आहेत, मी पाहिले, एक-दोन वर्गात दाखवेनही. त्यातल्या लंबकाचं उत्तर पहिल्याच झटक्यात ९.८ येतं.

आता जे चालतं त्याचंही एक-दोन ठिकाणचं सांगते, नाहीतर मी नुसतीच तक्रारखोर ठरेन. आर्नोल्ड रॉस या गणितज्ञाने १९५७ मध्ये शाळकरी मुलांसाठी उन्हाळी गणिताचा कार्यक्रम सुरू केला. आठवड्यांमागून आठवडे मुलं पूर्णांकांच्या गुणधर्मांशी झटत बसतात, बाकी काही नाही. साध्या गोष्टींचा खोलात जाऊन विचार करा, हे तिथलं ब्रीद. प्रयोगशाळाही लागत नाही, फळा आणि धीर लागतो. आणि आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे पुण्यातली खगोलविज्ञानाची संस्था, आयुका. तिथल्या उन्हाळी उपक्रमात शाळेतली मुलं आठवडाभर एखाद्या शास्त्रज्ञाकडे जातात आणि ठरलेला अभ्यासक्रम नसतो. त्या संस्थेचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, स्वाक्षरी अशी मिळणार नाही. पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही करून पाठवतो. आणि पाठवत असत. एवढ्या मोठ्या माणसाला एका मुलाच्या एका प्रश्नासाठी वेळ होता. त्याला खर्च किती आला असेल, ते वित्त विभागाने काढून बघावं.

माझ्या मागण्या अशा आहेत.

वर्ग येत्या सुट्टीत पुन्हा सुरू करावा, किमान दहा सलग दिवसांचा, प्रयोगशाळेत. मुलं चाळीसऐवजी पंचवीस घेतली तरी चालेल. महोत्सव त्याच्या जोडीला खुशाल भरवावा.

गुणांची अट आणि शिफारसपत्र काढून टाकावं. ज्याला यायचं आहे त्याने स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या अक्षरात, स्वतःला पडलेला एक प्रश्न लिहून द्यावा. अर्ज जास्त आले तर सरळ चिठ्ठ्या टाकाव्यात. काही जागा अशा शाळांसाठी ठेवाव्यात जिथून आजवर एकही मूल आलेलं नाही. चिठ्ठ्यांना आपल्याकडे कुणी तरी ‘दर्जा घसरेल’ म्हणेल. त्या व्यक्तीला ९८ अंशांची गोष्ट सांगावी.

शुल्क घेऊ नये. अर्जाची मुदत परीक्षेनंतर महिनाभर ठेवावी, आणि कागदावर भरलेला अर्जही घ्यावा.

प्रत्येक शाळेच्या एका शिक्षकाला आत बसू द्यावं. आम्ही तोंड बंद ठेवू, हवं तर लिहून देते.

शिकवणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांचे तास त्यांच्या अहवालात धरावेत आणि त्यांना मानधन द्यावं. प्रयोगशाळेतल्या मामांनाही. ते यादीत हमखास सुटतात म्हणून वेगळं लिहिलं.

दर वर्षी वर्ग संपल्यावर दोन पानांची नोंद जाहीर करावी : किती मुलं आली, कोणत्या शाळांतून, किती मध्येच थांबली, आणि मुलांनी काय शोधलं. छायाचित्रं नसली तरी चालतील.

यांतलं जे शक्य नसेल ते का शक्य नाही, हे विद्या परिषदेच्या पुढच्या बैठकीनंतर पंधरा दिवसांत लेखी कळवावं. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ हे उत्तर मी धरणार नाही.

पत्रासोबत एक यादी जोडली आहे. परिपत्रक आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गात मुलांना सांगितलं की उन्हाळी वर्ग यंदा नाही, पण असता तर तुम्ही काय विचारलं असतं ते लिहा. एकतीस प्रश्न आले. चौकोनी नळीतून फुंकला तरी साबणाचा फुगा गोलच का होतो. झाडात पाणी वर चढतं तर पंप कुठे असतो. मुंगी माळ्यावरून पडली तरी मरत नाही, मग हत्तीएवढी मुंगी असती तर. गुहेत हजार वटवाघळं ओरडतात, तर आपलाच प्रतिध्वनी कोणता हे त्यांना कसं कळतं. आरशात डावं-उजवं उलटतं, मग वर-खाली का नाही. काहींची उत्तरं मला येतात. मी दिलेली नाहीत.

आपल्याकडूनही उत्तरं नकोत. प्रत्येक प्रश्नापुढे तो आपल्या कोणत्या विभागात, कुणाच्या टेबलावर जाईल तेवढं लिहून यादी परत करावी. आरशाचा प्रश्न भौतिकशास्त्राकडे पाठवायचा की मानसशास्त्राकडे, यावर आमच्या शिक्षकांच्या खोलीत एकमत झालं नाही. तो आपणच ठरवावा.

कळावे,

आपल्याच वर्गाची एक जुनी विद्यार्थिनी,
आता विज्ञान शिक्षिका